स्लोम म्हणजे

"घरात माणसं किती?" प्लंबरनं शिडीवरून विचारलं, आणि खाली शिडीचे पाय धरून उभ्या असलेल्या तिनं, जराही विचार न करता, "तिघं" असं सांगून टाकलं. प्रश्न साधाच होता, गिझरच्या टाकीच्या मापाचा. तिघं असली तर लहान टाकी पुरेल, चौघांना मोठी लागेल, असं तो म्हणत होता, आणि म्हणता म्हणता भिंतीतल्या नळाच्या आट्यांवर सूत गुंडाळत होता. बाथरूमच्या दाराशी वन्सं, म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, ओल्या फरशीवर जुनी चादर अंथरत होत्या. त्या तशाच वाकलेल्या राहून हसल्या. "तिघं आणि एक स्लोम," म्हणाल्या.

प्लंबरला वाटलं, घरात मांजर असेल. त्याला गरम पाणी लागतं का, असंही त्यानं विचारलं. तेव्हा वन्सं उठल्या, कमरेवर हात ठेवला आणि शाळेतल्या मुलीनं कविता म्हणावी तशा एका दमात म्हणाल्या, "स्लोम म्हणजे ताटं मांडताना ज्याची आठवण शेवटी होते असा घरातला माणूस. इंग्रजी शब्द आहे. हिच्या पुस्तकात आहे." मग आमच्या घरचा स्लोम मीच, प्लंबर म्हणाला, मी पोचतो तोवर भांडीसुद्धा घासून झालेली असतात. दोघं हसले. हसताना वन्संनी त्याला हेही सांगून टाकलं की इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर त्याच्या प्लंबरमध्येही एक बी आहे, दिसतो पण इंग्रजीत बोलत नाही. आणि इतकी वर्षं हा धंदा करून आपल्याला हे कुणी सांगितलं नाही याचं त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं. "शनिवारी वर्गात प्रत्येकानं एक शब्द सांगायचाय, मी हाच सांगणार आहे," वन्सं म्हणाल्या. "सगळ्यांसमोर." शिडी हलली. "धरा की बाई," प्लंबर वरून म्हणाला. "चौघं," ती म्हणाली. "चौघं आहोत आम्ही." पण ते कुणाला उद्देशून म्हटलं हे तिचं तिलाच कळलं नाही. कान तेवढे तापले होते.

स्लोम असा शब्द इंग्रजीत नव्हता. कुठल्याच भाषेत नव्हता. तो तिनं केला होता, जेवणाच्या टेबलावर बसून, चहा निवेपर्यंतच्या वेळात. ती ज्या प्रकाशकाकडे काम करायची तिथं मुलांसाठी शब्दांची पातळ पुस्तकं निघत. एकेका पुस्तकात अक्षरांच्या एकाच जोडीचे शब्द आणि त्यांचे अर्थ. जी-एच-टीचे लाइट, नाइट, फाइट एका पुस्तकात. के-एनचे नी, नाइफ, नॉट दुसऱ्या. इंग्रजी ती स्वतःही अशीच शिकली होती, कुणी शिकवलं नाही म्हणून, शब्दांची शेपटं जुळवत. त्यामुळे एक शब्द आठवायला गेलं की किल्ल्यांच्या जुडग्यासारखे बाकीचे सगळे खळखळत वर येत, आणि दुकानात साधा चाकू मागतानाही तिला आधी गुडघा आठवे. मालकांचा एक नियम होता. प्रत्येक पुस्तकात एक शब्द खोटा असला पाहिजे. त्याला ते राखणदार म्हणत. बाजारात दुसऱ्या कुणी आपलं पुस्तक उचलून स्वतःच्या नावावर छापलं तर खरे शब्द काय, कुणाचेही. पण राखणदार त्याच्या घरात सापडला की चोर सापडला. राखणदार असा हवा की त्याच्या वाटेला कुणी जाणार नाही. म्हणून तिनं आजवर थंड समुद्रातले मासे केले होते, दोराच्या गाठी केल्या होत्या, घोड्याच्या खोगिराखाली येणारा एक पट्टा केला होता. मासे करण्यात तिला गंमत वाटायची. आपण नसताना आपला मासा एखाद्या मुलाच्या डोक्यात पोहत असेल, याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. खरं तर थोडा ताठाच होता. जगात माणसं मुलं करतात, घरं करतात. शब्द किती जण करतात?

एम-बीच्या पुस्तकाच्या वेळी मात्र मासे संपले होते. थम म्हणजे अंगठा, लॅम म्हणजे कोकरू, कोम म्हणजे फणी, टूम म्हणजे थडगं, क्रम म्हणजे पावाचा चुरा, नम म्हणजे बधिर, डम म्हणजे मुका, अशी सगळी मंडळी जमली होती, प्रत्येकाच्या शेवटी तो न बोलणारा बी मुकाट बसलेला, आणि पानाच्या तळाशी राखणदाराची जागा तेवढी रिकामी होती. समोरच ताटं मांडलेली होती. तिनंच मांडलेली. नवऱ्याचं, मुलीचं, स्वतःचं. प्रुफं एका हाताखाली सरकवत ती भात काढायला उठणार, तेवढ्यात वन्सं आतून आल्या. टेबलाकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग फडताळातून चौथं ताट काढलं, फडक्यानं पुसलं आणि आपल्या जागी, भिंतीकडच्या टोकाला, इतकं अलगद ठेवलं की आवाज झाला नाही. स्टीलचं ताट टेबलाच्या काचेवर ठेवायचं आणि आवाज होऊ द्यायचा नाही, ही काही एका दिवसाची सवय नव्हे. हे तिच्या लक्षात आलं. लक्षात आलं, आणि पहिल्यांदा तिला जे वाटलं ते वाईट नव्हतं, ते होतं: राखणदार सापडला. जेवणं झाल्यावर तिनं लिहून टाकलं. एस, एल, ओ, एम, बी. नाम. ताटं मांडताना ज्याची आठवण शेवटी होते असा घरातला माणूस. खोडून टाकायचं ठरवलं होतं, उद्या दुसरा मासा सुचेल म्हणून. सुचला नाही. की तिनं सुचू दिला नाही? मालकांनी वाचलं आणि वा म्हणाले, अगदी खरा वाटतो हो.

आता तो खरा वाटणारा शब्द खरकट्यासारखा तिच्या हाताला चिकटला होता. वन्सं तिच्या पुस्तकातून इंग्रजी शिकतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. काचेची कड बोटाच्या पेरानं चाचपून कुठं खरखर उरली ते त्यांना कळे; अजूनही पेला उचलला की आधी त्यांचं बोट कडेवरून फिरून येई. इंग्रजी अक्षरं त्यांना दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्यावरून येत होती. वरचं अक्षर परातीएवढं, खालची ओळ मुंगीएवढी. त्या तक्त्यावरच्या अक्षरांचा कधी शब्द होत नाही, त्यामुळे वन्संच्या लेखी इंग्रजी म्हणजे मोठं आणि लहान, दिसतं आणि दिसत नाही, एवढंच होतं. दुकान सुटल्यावर त्यांनी वाचनालयाच्या दुपारच्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं आणि कुणाला न विचारता तिच्या कपाटातून एम-बीचं पुस्तक घेतलं, सगळ्यात पातळ होतं म्हणून. न बोलणाऱ्या बीवर तर त्यांचा जीवच जडला. मुलगी चिडवायची, आत्या, ज्याचा उच्चारच नाही ते अक्षर ठेवलंय कशाला, काढून टाकावं ना. "राहू दे गं," वन्सं म्हणायच्या, "बोलत नाही म्हणून काय घराबाहेर काढायचं का?" सगळे हसायचे. तीही हसायची, आणि आता त्या प्रत्येक हसण्याचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे असं तिला वाटू लागलं.

त्या रात्री तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. शब्द खोटा आहे, वन्संना शनिवारी तोंडघशी पडावं लागेल, वर्गाच्या बाईंना लगेच कळेल. सांगून टाक की मग, तो म्हणाला, त्यात काय एवढं, ताई काय रागावणारी आहे का. मग तिनं अर्थ सांगितला. त्यानं तो जिभेवर घोळवून पाहिला आणि म्हणाला, सुचतं बाई तुला, मस्त आहे. पण असं असतं का गं कुणी कुठल्या घरात? तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. बहिणीनं घासलेल्या काचांचा चष्मा, आणि त्यातून त्याला समोरच्या इमारतीवरची पाटीसुद्धा स्वच्छ दिसत होती. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण राग यायलासुद्धा आपण थोडं उंचावर उभं असावं लागतं. त्याला दिसत नव्हतं म्हणून त्यानं केलं नव्हतं काही. तिला दिसलं होतं, आणि दिसल्यावर तिनं उठून ताट आणलं नव्हतं; तिनं पेन घेतलं होतं.

सांगायचं होतं ते नुसतं शब्द खोटा एवढंच असतं तर तिनं सकाळी चहाच्या आधणाबरोबर सांगून टाकलं असतं. पण शब्द खोटा म्हटलं की पुढचा प्रश्न दारातच उभा होता: मग अर्थ कुणाचा? तिनं दोनदा सुरुवात केली. एकदा वन्सं गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, तोंडात चिमटा, आणि चिमट्याआडून पुटपुट चालली होती, थम, लॅम, कोम, स्लोम. "वन्सं," ती म्हणाली. वन्संनी वळून पाहिलं, चिमटा काढला. तिनं विचारलं, चादर आज धुवायची का. दुसऱ्यांदा भाजी निवडताना ती म्हणाली की त्यापेक्षा थम घ्या ना शनिवारी, सोपा आहे, दाखवतासुद्धा येतो. वन्सं म्हणाल्या, अंगठा काय, कुणीही दाखवेल. हा शब्द वर्गात कुणालाच माहीत नाही, बाईंनासुद्धा नसेल. आणि शेंगेच्या शिरा ओढता ओढता इतक्या खुशीत मान हलवली की तिला पुढं बोलवेना.

प्रकाशकाकडे गेली तर मालक दारातच उभे. लागला गळाला बाई, म्हणाले, लागला. कुठल्याशा दुसऱ्या प्रकाशकानं एम-बीचं पुस्तक जसंच्या तसं काढलं होतं आणि त्यात तळाशी स्लोम बसलेला होता, एकही शब्द न बदललेल्या अर्थासकट. मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला. सोमवारी आपण वकिलाकडे जाऊ, तुम्ही एवढंच सांगायचं, हा शब्द जगात नाही, माझ्या डोक्यातून आला. हातातला कप तिनं टेबलावर ठेवला आणि तो वाजला. तिचं काहीही ठेवलं की वाजतंच. "पण कुठून हो सुचला तुम्हाला अर्थ?" मालकांनी कौतुकानं विचारलं. ती म्हणाली, असंच. असंच म्हणताना तिला ताट पुसणारे ते दोन हात दिसले, बोटांची पेरं घासून गुळगुळीत झालेली, आणि तिला एकदम वाटलं की चोर सापडला आहे खरा, फक्त मालक चुकीच्या घरात शोधताहेत. दुसऱ्यानं पुस्तकातून उचललं. तिनं कुठून उचललं होतं?

शनिवारी दुपारी वाचनालयाकडे जाताना रस्त्यावर ऊन पडलं होतं आणि दुकानं अर्धी मिटलेली होती. नवरा आणि मुलगी परस्पर येणार होते. वन्संनी इस्त्रीचं नेसलं होतं, केसांना बारीक दातांची फणी खोचली होती, आणि फुटपाथच्या आतल्या बाजूनं, भिंतीला धरून, घरात चालतात तशाच त्या चालत होत्या. पादत्राणं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान गेलं, औषधांचं गेलं, बंद पडलेलं छायाचित्रांचं गेलं. वळणानंतर वाचनालयाच्या पायऱ्या दिसणार होत्या. वळणाच्या आधी तिनं सांगितलं. रस्त्याकडे बघत सांगितलं. "वन्सं, तो शब्द म्हणू नका. तो नाहीये. मालकांचा नियम आहे, पुस्तकात एक खोटा घालायचा, चोरी पकडायला. मी केलेला आहे तो."

वन्सं चालत राहिल्या. एक सायकल घंटी वाजवत गेली, तिला त्यांनी वाट दिली. मग त्या थांबल्या, चपलेचा पट्टा सारखा करायला वाकल्या, आणि वाकूनच विचारलं, "शब्द खोटा?"

"हो."

"बरं. आणि अर्थ?"

तिला वाटलं होतं की या प्रश्नाला आपण रडू, किंवा पाय धरू, किंवा निदान खोटं तरी बोलू. यातलं काही झालं नाही. तिची नजर वन्संच्या बोटांवर होती, पट्टा केव्हाच नीट बसला होता तरी ती त्याच्या कडेवरून फिरत होती, खरखर शोधत. गुन्हा कबूल करायलासुद्धा शब्द लागतात आणि तिच्याजवळचे सगळे शब्द त्या क्षणी एकमेकांना धरून वर आले, डम, नम, टूम, कुणाचाच उपयोग नव्हता. वन्सं उठल्या. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. त्या कुणाशी तरी साधंसं काही बोलावं तसं म्हणाल्या, "मी आपली समजत होते, तिकडेही कुणीतरी असणार. एवढा शब्द केलाय म्हणजे बरीच असतील. वाचलं ना, तेव्हा इतकं बरं वाटलं होतं गं." मग थोडं हसल्या. "एकटीसाठी कोण शब्द करतं?"

वळणानंतर पायऱ्या दिसल्या. वन्सं पुढं झाल्या, ती मागं राहिली. मी केला, असं म्हणायला हवं होतं का? तिला वाटलं, हेच एक वाक्य आहे जे आपण आयुष्यभर तोंडात धरून बसणार, चिमट्यासारखं. कारण ते म्हटलं तर त्यात थोडं प्रेम आहे असा भास झाला असता, आणि तेवढीही सूट तिला स्वतःला द्यायची नव्हती. खरंच प्रेम होतं का त्यात? ते चौथं ताट दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं, तिनं पाहिलं होतं. पण पाहून ते पानाच्या तळाशी बसवलं होतं, इतर माशांबरोबर. आणि पुन्हा परवा शिडी धरून उभी होती ती तीच होती, तिघं म्हणणारी. शब्द करून माणूस काही विसरायचा थांबत नाही. उलट लिहून ठेवलं की मोकळा होतो.

सभागृहात घडीच्या खुर्च्या होत्या आणि खिडक्यांना पडदे नव्हते. एक पोस्टातला माणूस विंडो म्हणाला, एक आजोबा नातवाच्या मदतीनं ब्रिज म्हणाले. वर्गाच्या बाई प्रत्येकाला पाणी विचारत होत्या. वन्संची पाळी आली तेव्हा तिचा हात नवऱ्याच्या मनगटावर गेला, तो म्हणाला काय झालं. वन्सं पुढं जाऊन उभ्या राहिल्या. बोलायला वेळ लावला. मुलगी हळूच म्हणाली, आई, आत्या विसरली वाटतं. तेवढ्यात वन्संनी केसांतली फणी काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि म्हणाल्या, "कोम. सी, ओ, एम, बी. कोम म्हणजे फणी. शेवटचा बी म्हणायचा नाही." फणी खाली घेतली. "पण लिहायला विसरायचं नाही." बाई म्हणाल्या, छान. टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठ्यानं तिनं वाजवल्या, इतक्या की पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून पाहिलं, आणि आपल्या टाळ्यांच्या आवाजाची तिला इतकी लाज वाटली की तिनं हात मांडीखाली दाबून धरले. नवरा कानाशी म्हणाला, बघ, सांगितलंस ना, काय झालं, काही झालं नाही.

घरी आल्यावर बाथरूममधून नव्या टाकीत पाणी भरल्याचा आवाज येत होता. मोठी टाकी, चौघांची. वन्सं कपडे बदलून आल्या, केस अजून सुटे होते, फणी हातातच होती. नवऱ्यानं ताईचं फार कौतुक केलं, मुलीनं फणी हातात घेऊन आत्याची नक्कल केली, वन्संही हसल्या, नेहमीसारख्याच, आणि ते नेहमीसारखं असणं तिला सहन होईना. ती उठली. आमटीचं भांडं टेबलावर आणलं. फडताळ उघडलं, सगळ्यात वरचं ताट घेतलं, पुसलं आणि भिंतीकडच्या टोकाला, वन्संच्या जागी, सगळ्यांच्या आधी ठेवलं. अलगद ठेवायचा प्रयत्न केला. वाजलंच. मग नवऱ्याचं, मुलीचं, शेवटी आपलं.

वन्संनी ते पाहिलं. त्या आल्या, ते पहिलं ताट उचललं आणि पुन्हा फडताळातल्या ढिगावर ठेवून दिलं. तिला वाटलं, आता त्या जेवायला बसायच्या नाहीत. नवरा आणि मुलगी फणीवरून काहीतरी भांडत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. वन्सं तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, बोटाचं पेर टेबलावरच्या एका ताटाच्या काठावरून एकदा फिरवलं, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मोजून मांड गं. आठवून नको मांडूस."

तिनं मांडलेली तिन्ही ताटं उचलली. फडताळाशी उभी राहून, ओठ हलवत, एक, दोन, तीन, चार, अशी ती पहिल्यापासून मोजू लागली.